खाऱ्या वाऱ्यातल्या फटफट्या

(दृश्य : भाट्ये पूल. रत्नागिरीच्या बाजूने एकामागोमाग येणाऱ्या गाड्या.)

आधी आवाज ऐका. हा मोकळा, खणखणीत आवाज टू-स्ट्रोकचा. पुढे जावा आहे आणि तिच्या मागे येझदी. हा जड, संथ ठोका बुलेटचा. सगळ्यात शेवटी निळसर धूर सोडत येतेय ती राजदूत १७५. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्‌सने आपल्याकडे बनवलेली ही गाडी कितीतरी गावांत दूधवाल्यांची गाडी होती.

लांजा, राजापूर, गुहागर, खाली पार मालवण. जुन्या मोटरसायकली जपणारी मंडळी या मेळाव्याला लांबून आली आहेत. सुरूच्या बनात गाड्या स्टँडवर लागतात, चहा होतो आणि लगेच टूलबॉक्स उघडतात.

(दृश्य : जावाची किक, अगदी जवळून.)

हा दांडा नीट बघा. आत्ता ही किक आहे. गाडी सुरू झाली की दांडा आत दाबायचा आणि पुढे वळवायचा. आता तोच गिअर झाला. पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो, हाताने दाबला नाही तरी चालतं. मूळ डिझाइन चेकोस्लोव्हाकियाचं. म्हैसूरला रुस्तम इराणींच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ही गाडी बनवली. १९७३ पासून तीच येझदी नावाने येऊ लागली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तेव्हापासून या गाड्या चालू आहेत त्या अशा माणसांच्या जिवावर.

(दृश्य : मडगार्डची कड. बोट लावताच सुटणारा पापुद्रा.)

घाटावर एखादी गाडी गोठ्यात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी टायर फुटतील, सीट उंदीर खातील, पत्रा बहुतेक शाबूत सापडेल. इथे तसं नाही. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाऊस नसतानाही लोखंड ओलंच राहतं. क्रोमचा थर फार पातळ असतो. लोखंडाला खरं राखतं ते त्याखालचं निकेल. त्या निकेलला बारीक भोक पडलं की मीठ आत शिरतं, गंज आतून वाढतो आणि वरची चकाकी फोडासारखी उचलली जाते. मग कितीही पॉलिश मारलं तरी उपयोग नसतो.

म्हणून इथे पहिला सल्ला सगळ्यांचा एकच : समुद्राकाठून फिरून आलात की गाडी गोड्या पाण्याने धुवा. दुसरा सल्ला आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा. पडवीत गाडी झाकून ठेवताना प्लॅस्टिक घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

(दृश्य : राजदूतची सुटी टाकी, बॅटरी चार्जर, सोड्याचं पाणी.)

आता हे काम. यासाठी आम्ही कॅमेरा बराच वेळ इथेच लावून ठेवला होता.

टाकी आतून गंजली की पेट्रोलबरोबर गंजाची पूड खाली येते आणि कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजतो. पूर्वी टाकीत खडी किंवा साखळी घालून हलवत बसायचे. त्याने सुटा गंज निघतो, कोपऱ्यातला राहतो. इथे वीज वापरली आहे. टाकीत पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा. वरच्या तोंडातून साध्या लोखंडाची सळई आत सोडलेली आहे आणि ती टाकीला कुठेच टेकणार नाही असा रबरी बूच बसवला आहे. चार्जरची धन तार सळईला, ऋण तार टाकीला. हे उलट झालं तर टाकीच खाल्ली जाईल, त्यामुळे तारा दोघांनी तपासल्या. सळई स्टेनलेस स्टीलची चालत नाही, तिच्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं.

हे बुडबुडे दिसतात ना, तो हायड्रोजन. म्हणून हे काम उघड्यावर, आणि जवळपास विडी-काडी नाही. काही तासांत गंज काळा, सैल होतो आणि धुतल्यावर निघून जातो. पण खरी घाई पुढे आहे. आतला पत्रा आता उघडा पडला आहे. या हवेत तो बघता बघता पुन्हा तांबूस होतो. म्हणून धुतल्याबरोबर गरम हवेने वाळवायचा आणि लगेच आतून टू-स्ट्रोक ऑइल फिरवायचं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि पेट्रोलच्या कॉकचे, पाइपचे जुने रबर त्याने फुगतात. इथल्या बऱ्याच जणांनी पाइप बदलून घेतले आहेत.

(दृश्य : बुलेट. हँडलवरचा हात, हेडलाइटच्या घुमटातला काटा.)

ही मुलगी आजोबांची बुलेट शिकतेय. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. अँपमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबायची, डीकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, तार ओढून थोडी पुढे न्यायची, तार सोडायची आणि मग पूर्ण किक. जोर लागत नाही, क्रम लागतो. क्रम चुकला की किक उलटी येते आणि नडगी सडकते.

(दृश्य : गुहागरची येझदी. मागची फ्रेम कापलेली.)

या गाडीपाशी दुपारभर गर्दी होती. तरुण मालकाने बसकी सीट बसवायला मागची फ्रेम कापली आहे. मालवणच्या काकांनी बघितलं आणि थेट विचारलं, ‘‘फ्रेम कित्याक कापलंस रे?’’

बदलाला इथे कुणाचा विरोध नाही. काकांच्या स्वतःच्या जावात मूळचा ६ व्होल्टचा डायनॅमो काढून १२ व्होल्टचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं आहे. आंबा घाटात पावसाळी रात्री ६ व्होल्टच्या पिवळ्या उजेडात खड्डा दिसत नाही, तेव्हा हा बदल करायलाच हवा. आम्हीही त्याच मताचे आहोत. पण तो पाना लावून बसवला आहे आणि पाना लावून निघतो. मूळ डायनॅमो काकांनी ग्रीस लावून डब्यात जपला आहे. करवत लावली की हा रस्ता बंद होतो. जी जुनी गाडी आता कुठेच बनत नाही, तिच्या सांगाड्याला करवत लावू नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना वेगळी विंटेज नोंदणी आहे, पण ती घेतली की रोज चालवता येत नाही.

(दृश्य : वहीत पेन्सिलने काढलेली आकृती. टेप लावून घेतलेली मापं.)

गुहागरच्या येझदीवर उपाय संध्याकाळपर्यंत निघाला. लांज्याच्या एका दादांच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, इंजिन नसलेली, पुढून वाकलेली येझदीची फ्रेम पडून आहे. तिचा मागचा भाग सरळ आहे, तो या गाडीला जोडायचा. चेसिस नंबर पुढच्या भागावर असल्यामुळे तो मूळचाच राहतो. जोड मजबूत हवा म्हणून आतून नळीचा तुकडा घालून वेल्डिंग होईल. ते काम कोल्हापूरला, उद्यमनगरातल्या कारखान्यांत. इंजिनाच्या सिलिंडरच्या बोअरचं कामही त्याच फेरीत करून घ्यायचं आहे. हे सगळं आगोटीच्या आधी उरकायला हवं, कारण एकदा पाऊस लागला की इथे रंग वाळत नाही.