दोन हातांवर अख्खा ताफा

गणपतीचे दिवस. मैदानात मांडव, समोर खुर्च्या, स्टेजवर ऑर्केस्ट्राची जुळवाजुळव. ढोलकी, तबला, ऑक्टोपॅड, गायकांचे माईक, सगळं तपासून झालं की साउंडवाला कीबोर्डकडे वळतो. बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी.

खरं तर तो आधी यायला हवा. मूळ गाण्यात व्हायोलिनचा ताफा असतो, बासरी, सनई, सतार असते. स्टेजवर ही सगळी वाद्यं कीबोर्डवाल्याच्या दोन हातांवर येतात. तबल्याचा माईक बंद पडला तरी पहिल्या रांगेला तबला ऐकू जातो. स्टेजवरच्या बहुतेक कीबोर्डची वायर निघाली, की वाद्य मुकं.

कधी सोय म्हणून कीबोर्ड गिटारच्या ॲम्पला जोडतात. त्या ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. गिटारला ते मानवतं, तिचा कर्कशपणा झाकला जातो. पण बासरीतली फुंक आणि सतारीची जवारी, म्हणजे तारेची झणझण, त्याच वरच्या भागात असते. ती गेली, की सतार ओळखू येत नाही. खालच्या टोकाला पियानोचा पहिला स्वर २७.५ हर्ट्झचा. एवढा पल्ला पेलायला खालच्या स्वरांचा वूफर आणि वरच्यांचा ट्वीटर दोन्ही असलेला स्पीकर लागतो, आणि वॅट हातचे राखून. नाहीतर पट्टीवर जोरात बोट पडताच आवाज फाटतो.

आता ही वायर बघा. कीबोर्डमधून निघणारी जॅकची साधी वायर पाच-सहा मीटर ठीक चालते. मिक्सर असतो प्रेक्षकांच्या मागे. तिथवर तीच ओढली, तर वाटेत लाइटच्या डिमरची खरखर उचलते. म्हणून स्टेजवरच डीआय बॉक्स, म्हणजे कीबोर्ड आणि लांब वायर यांच्यामध्ये बसणारी छोटी डबी. तो सिग्नल दोन तारांवर पाठवतो, एक सुलटा, एक उलटा. पलीकडे उलटा सुलटा करून दोन्ही जोडले, की वाटेतली खरखर आपसूक खोडली जाते. तरीही ५० हर्ट्झची घूं राहिली, तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबायचा, तो फक्त सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवण्याचा प्रकार मात्र कुणीही करू नये. त्यात वादकाचा जीव जाऊ शकतो.

आणि मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर. शेजारी ड्रम वाजत असताना वादकाला स्वतःचा स्वर ऐकू आला नाही, तर तो कीबोर्डचा व्हॉल्यूम वाढवतो. मिक्सरवाला तिकडे तो खाली ओढतो. मग पुढच्या गाण्यात हलकी बासरी आली, की ती कुणालाच पोचत नाही.

यावर इलाज दुपारीच होतो. साउंड चेकला नुसता 'सा' वाजवून भागत नाही. रात्री वाजणारा प्रत्येक टोन त्याच जोराने वाजवायचा: व्हायोलिन, बासरी, ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्यं. ब्रास चढा लागतो, तो कीबोर्डमध्येच उतरवून सेव्ह करायचा. मग मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी एकदा लावली, की रात्रभर तिला हात लावावा लागत नाही.