आज तुझी बांधी, उद्या माझी

रात्रभर पाऊस झालाय. बांधीत, म्हणजे धानाच्या वावराच्या तुकड्यात, गुडघाभर चिखल, अन् दहा-बारा बाया एका ओळीत वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून राहिल्या. एकीच्या हातातले पऱ्हे (धानाची रोपं) संपत आले की मागून दुसरी पेंडी येऊन पडते, कोणाला मागावं लागत नाही. पूर्व विदर्भात धानाच्या रोवण्याला मोजकेच दिवस मिळतात, पऱ्हे वाढून गेले की पीक कमी येतं, मग एकट्या घराच्यानं होत नाही, म्हणून आज तुझी बांधी, उद्या माझी. पैसे कोणी घेत नाही पण हिशोब असतो बरं का, कोणाकडे किती दिवस गेलो हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. उद्या हीच बाई आपल्या बांधीत येणार आहे हे माहीत असलं की आज कोणी अंग चोरत नाही.

पण बांधी ज्याची त्याची असते, जंगल तर सगळ्यांचं. मग ते कोण सांभाळणार? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानं लिहिलं होतं की जे सगळ्यांचं ते शेवटी सगळे मिळून ओरबाडतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मात्र प्रत्यक्षात काय चालतं ते पाहिलं. स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावजंगलं, लोकांनी शेकडो वर्षं टिकवलेली. नियम त्यांनीच केलेले, लक्ष तेच ठेवणार, चुकला तर आधी थोडा दंड. यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अन् त्याच २००९ मध्ये आपल्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. मला सगळ्यात भारी वाटते ती ग्रामसभेची रीत, तिथं हात वर करून बहुमत मोजत नाहीत, सगळ्यांना पटेपर्यंत बोलणं चालू ठेवतात, आज नाही जमलं तर पुढच्या सभेत. वेळ लागतो, लागू द्या! ज्याचं म्हणणं ऐकून घेतलं तो उद्या रात्री चोरून बांबू कशाला तोडेल?

इकडे बांधी संपत आली. बाया धुऱ्यावर (बांधावर) बसल्या, हाताचा चिखल अजून वाळला नाही, चहाची किटली फिरून राहिली, अन् उद्या कोणाकडे जायचं ते ठरतंय.