हिरवळीवर बसू नये

(एका पेठेतील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘शहरातली मुलं आणि बागा’. आयोजकांनी मला आधीच विचारलं होतं, सर, यावर तासभर काय बोलणार? म्हटलं, निवृत्त मास्तरला तास पुरत नसतो, घंटा द्यायला माणूस ठेवा म्हणजे झालं. तो माणूस समोरच बसलाय, घड्याळ घेऊन.

माझं म्हणणं तसं एवढुसं आहे. पोरांना दर रविवारी नवी जागा दाखवू नका. घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा धरा आणि वर्षभर तिथंच जा. का आणि कसं, ते पुढं सांगतो. आधी माझी तक्रार ऐकून घ्या.

आपल्या कोल्हापुरात फिरायला जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. रविवारची संध्याकाळ, गाडीवर पुढं एक, मधे एक, मागं वहिनी. रंकाळ्यावर पोचायचं, गाडी लावायला जागा शोधत निम्मा उत्साह घालवायचा, मग भेळ, मग कणीस, मग फोटो आणि घर. पोराला विचारा, काय बघितलंस? ‘भेळ.’ आता त्याची काय चूक? तळ्याकडं पाठ करून तुम्हीच त्याला फोटोला उभं केलं होतं!

हसताय, पण पावसाळ्यात तळ्यातला तो दगडी संध्यामठ कुठवर पाण्यात जातो आणि उन्हाळ्यात किती उघडा पडतो, हे न बघता सांगता येईल असे हात वर करा बघू. बघा. मागचे दोघं तिथंच राहतात, ते धरायचे नाहीत.

तर तक्रार. नातवाला घेऊन एका बागेत गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, मला परत तिथं जायचंय. दारातच पाटी. हिरवळीवर बसू नये. फुले तोडू नयेत. झाडावर चढू नये. चेंडू खेळू नये. मोठ्याने ओरडू नये. आणि सगळ्यात खाली, ‘आपले स्वागत आहे’.

आत शिरल्या शिरल्या आमच्या चिरंजीवांना मुंग्यांची रांग दिसली. मेलेला नाकतोडा ओढून चालवला होता त्यांनी. गडी पोटावर आडवा. झाली शिट्टी. राखणदार मामा लांबूनच ओरडत आले, “ओ आजोबा, पोराला उठवा!”

“का हो?”

“हिरवळ खराब हुतीया.”

“मग लावलीय कशाला?”

“बघायला.”

“ते बघतंयच की!”

मामा जरा थांबले. म्हणाले, “तसं न्हवं. उभारून बघायचं.” म्हटलं, मामा, उभारून मुंगी दिसत नाही. त्यांना पटलं नाही, पण खरं-खोटं करायला म्हणून ते वाकले. तेवढ्यात नाकतोड्याचा एक पाय निखळला आणि चार मुंग्यांनी तो वेगळ्याच वाटेनं पळवला. नातू म्हणाला, “चोरी!” मामा म्हणाले, “चोरी न्हाई, वाटणी हाय.” आम्ही तिघंही बराच वेळ ओणवे. मग पलीकडं कुणीतरी चेंडू काढला आणि मामा शिट्टी वाजवत धावले.

मामांवर माझा राग नाही, त्यांना वरून हुकूम आहे. मला नवल वेगळंच वाटतं. शाहू महाराजांनी 1912 साली जिथं खासबागेचं मैदान बांधलं, जिथं आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती पैलवानाच्या अंगाला लावतात, त्या गावात पोराच्या गुडघ्याला माती लागली की आईच्या पर्समधनं ओला टिश्यू निघतो. आखाड्यातली तेवढी पवित्र आणि बागेतली घाण, हे कुठलं शास्त्र?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे आता मुख्य विषय सुरू करायचा.

एकच जागा का? तर मागच्या वेळी काय होतं हे ठाऊक असल्याशिवाय आज काय बदललं ते कळत नाही. रंकाळ्यावर हिवाळ्यात वारकरी पक्षी दिसतात, काळे, कपाळावर पांढरा ठिपका. उन्हं तापल्यावर ते किती उरले, हे पोरगं आपणहून विचारतं, पण हिवाळ्यात बघितले असतील तरच. बहाव्याचंही तसंच, फुलायच्या आधी ते झाड ओळखीचं झालेलं असलं पाहिजे.

टाऊन हॉलची बाग घ्या. झाडाखाली खेळा, मग आत संग्रहालयात जा आणि एकच वस्तू बघून बाहेर या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची चिमुकली ब्राँझ मूर्ती तिथली आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा, हे पोराला विचारू द्या. मग सातवाहनांच्या काळातला रोमशी चाललेला व्यापार सांगा. बाकीचं संग्रहालय पुढच्या खेपेला.

नदीकाठी राहत असाल तर घाटाच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजायला लावा. पावसाळ्यात घाटावर न्यायचं नाही. तेव्हा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पेपरात येते, ती पोरानं कॅलेंडरवर लिहायची. इशारा 39 फुटांना, धोका 43 ला. 2019 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारपाजारचे भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

कसं जायचं, तर उन्हाळ्यात नऊच्या आत, जुने कपडे, पाणी, भडंग. चाल पोराची, आपण मागं. परीक्षा घ्यायची नाही. पन्हाळा, मे अखेरीला राधानगरीकडचे काजवे, हे हवंच, पण सणासारखं, कधीतरी.

आणि जी गोष्ट मी सगळ्यात आधी बोलायला हवी होती, ती स्वच्छतागृह. बागेत ते धड नसेल तर लहान पोराची आई अर्ध्या तासात परत फिरते, मग माझं हे सगळं व्याख्यान वाया. तेव्हा नगरसेवकाकडं कारंजं मागू नका. नळाला पाणी आणि दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह मागा.

घंटा झाली. प्रश्न असतील ते खाली चहाला विचारा, इथले दिवे आता घालवतात.