मूठ वळेल इतकं लोणी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर लागला की आमच्या भागात रस्त्याच्या कडेला हातानं रंगवलेल्या लाकडी पाट्या दिसू लागतात. मॅकिंटॉश. कोर्टलंड. एम्पायर. आणि महिना सरत आला की थोड्याच ठिकाणी, नॉर्दर्न स्पाय. ही सगळी सफरचंदांची नावं. मी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, रॉचेस्टर शहराच्या बाहेर राहते. न्यूयॉर्क म्हटलं की उंच इमारतीच डोळ्यांसमोर येतात, पण ते शहर आमच्यापासून गाडीनं पाच-सहा तास लांब. आमच्या उत्तरेला ऑन्टॅरिओ सरोवर आहे आणि त्याच्या काठाकाठानं सफरचंदांच्या बागा.

या बागा तिथेच का, हे मला एका बागाईतदारानं समजावून सांगितलं. एवढं मोठं पाणी, ते तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. वसंतात सरोवर थंड असतं, त्यामुळे काठावरची झाडं जरा उशिरानं फुलतात आणि शेवटच्या कडाक्याच्या थंडीतून मोहोर वाचतो. शरदात उलट. पाणी अजून कोमट असतं, म्हणून पहिलं गोठवणारं दहिवर उशिरा पडतं आणि फळाला झाडावर पिकायला सवड मिळते. ही सवड मिळालेलं फळ किती वेगळं लागतं, ते आपल्याला आंब्यावरून ठाऊक आहेच.

आज मी बोलणार आहे ते या सफरचंदांच्या ॲपल क्रिस्प नावाच्या पदार्थाबद्दल. भांड्यात तळाला फळाच्या फोडी, वर मैदा, ओट्स, साखर आणि लोणी चोळून केलेला भुगा, आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजायचं. लाटणं नको, पाकाची तार बघायला नको. छापील पाककृतींमध्ये हे नाव 1924 च्या सुमाराला दिसू लागतं, म्हणजे इथल्या मानानं पदार्थ तसा नवा. इंग्लंडमध्ये याच्याच भावंडाला क्रम्बल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तिकडे लोणी, साखर, सगळंच रेशनवर होतं. फळाचं सारण भरून भाजलेल्या 'पाय' नावाच्या पदार्थाच्या पारीला जितकं लोणी-पीठ लागतं त्यापेक्षा भुग्याला कमी लागतं, म्हणून घरोघरी क्रम्बल होऊ लागला.

इतका सोपा पदार्थ, पण माझा पहिला क्रिस्प पार बिघडला होता. इथे येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बागेतून टोपलीभर मॅकिंटॉश आणली होती, लालबुंद, चावली की रस ओघळणारी. फोडी केल्या, वर भुगा पसरला. अर्ध्या तासात वरून छान रंग आला, म्हणून भांडं बाहेर काढलं. चमचा घातला तर खाली पातळ पाणी, त्यात फळाचा लगदा, आणि भुग्याचा खालचा थर पाण्यात बसून कच्च्या पिठासारखा चिकट झालेला. घरी चार माणसं जेवायला होती. त्यांनी खाल्लं, पण मला फार वाईट वाटलं.

आमच्या शेजारी तेव्हा एक बाई राहायच्या. वय ऐंशीच्या घरात, लहानपण अशाच एका बागेत गेलेलं. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं सफरचंद?" मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "ते सॉसचं." मग मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं.

श्रोतेहो, मला आज जे सांगायचं आहे ते त्या दुपारी शिकले. क्रिस्प चांगला व्हायचा तर आधी फळ पारखता आलं पाहिजे. बाकीचं आपल्या हाताला येतंच.

सफरचंद कच्चं खाताना गोड लागलं म्हणजे ते भाजायलाही चांगलं, असं नसतं. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. आचेवर तो विरघळतो. काही जातींत झटकन विरघळतो आणि वीस मिनिटांत फोडीचा लगदा होतो. मॅकिंटॉश त्यातली. तिला मी नावं ठेवत नाही, शिजवून गाळलेलं तिचं सॉस फार सुरेख लागतं. पण क्रिस्पला अशी फोड हवी की जी मऊ होईल पण मोडणार नाही. आणि आंबटपणा हवा. वर साखर-लोण्याचा थर येणार, त्याखाली फळही गोडच असलं तर तिसऱ्या घासाला नको होतं.

त्या बाईंच्या टेबलावर होती नॉर्दर्न स्पाय. दिसायला साधंच, हिरवट पिवळ्यावर लाल रेघा, साल पातळ. जरा धक्का लागला की डाग पडतो, म्हणून मोठ्या दुकानांत ते फारसं येतच नाही. पण सुरी लावली की आतला गर घट्ट, पांढरट पिवळा, आणि वास आधी नाकाला लागतो. त्यांनी एका फळाची साल न तोडता सलग काढली आणि लांब रिबिनीसारखी ती साल माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आधी ही चावून बघ. आंबट, मग गोड, मग परत आंबट.

या सफरचंदाची गोष्ट मला नंतर कळली. इथून पाऊण तासावर ईस्ट ब्लूमफील्ड नावाचं गाव आहे. 1800 च्या आसपास कनेटिकटहून आणलेल्या बिया तिथे पेरल्या गेल्या. त्यातलं एक झाड वाढलं, आणि फळ धरण्याआधीच मेलं. पण मुळाशी फुटवे आले होते. ते कुणीतरी उपटून नेऊन लावले आणि त्यांना हे फळ आलं. हापूसच्या कोयीतून हापूस येईल याची खात्री नाही, कलमच बांधावं लागतं. सफरचंदाचंही तेच. म्हणजे आज जिथे जिथे नॉर्दर्न स्पायचं झाड उभं आहे, ते त्या मेलेल्या झाडाच्या फुटव्यांच्या कलमांचंच कलम. त्यात हे झाड फळ धरायला फार वेळ घेतं, कधी कधी दहा वर्षांहून जास्त. दर वर्षी ते सोलताना मला हे आठवतं. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या बागाईतदारांबद्दल मनात खरोखर कृतज्ञता दाटून येते.

आता भुग्याकडे वळू. आणि इथे मला सगळ्यात मोठा आनंद झाला.

बाईंनी परातीसारख्या पसरट भांड्यात मैदा, ओट्स, ब्राऊन शुगर आणि चिमूटभर मीठ घेतलं. ब्राऊन शुगर म्हणजे काकवीचा अंश असलेली साखर, वास थेट गुळाच्या जवळ जाणारा. फ्रीजमधलं थंडगार लोणी बारीक चिरून त्यात टाकलं आणि मला म्हणाल्या, चोळ. मी बोटांच्या टोकांनी चोळू लागले. "किती वेळ?" असं विचारणार, तेवढ्यात त्यांनी भुग्याची मूठ भरली, दाबली, मला दाखवली. मूठ वळली होती. मग अंगठ्यानं जरासं दाबलं, मूठ फुटली. "झालं," म्हणाल्या.

मी बघतच राहिले. हे तर मोहन! शंकरपाळ्यांच्या पिठाला तूप चोळताना आईनं हेच शिकवलं होतं. मूठ वळली पाहिजे, वळली नाही तर मोहन कमी, आणि पीठ तेलकट लागलं तर जास्त. पिठाच्या कणाकणाला स्निग्ध लागलं की पाणी आत शिरत नाही, पिठाला चिवटपणा येत नाही, आणि पदार्थ खुसखुशीत होतो. साताऱ्याला आमच्याकडे दिवाळीआधी नानकटाईचे गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून बेकरीत भाजायला न्यायचे. रांगेत उभं राहून आपला ट्रे कधी बाहेर येतो याची वाट बघायची. ओव्हन उघडल्यावर येणारा तो वास मला हजारो मैलांवर, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पुन्हा भेटला.

फरक इतकाच की चकलीचं मोहन कडकडीत असतं, क्रिस्पचं लोणी मात्र थंड हवं. लोण्याचे बारीक खडे भुग्यात तसेच राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि थर दडस न होता जाळीदार, कुरकुरीत होतो. काही जण वितळवलेलं लोणी घालतात. मला ते पटत नाही, थर बिस्किटासारखा एकसंध होतो.

प्रमाण सांगते, कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्या. वीस सेंटीमीटरच्या चौकोनी भांड्याला साधारण एक किलो सफरचंदं. सोलून, बिया काढून, अर्धा-पाऊण सेंटीमीटर जाडीच्या फोडी. फार पातळ नकोत. त्यांना अर्ध्या लिंबाचा रस, तीन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, एक लहान चमचा दालचिनीची पूड, आणि किंचित जायफळ किसून. भुग्याला 120 ग्रॅम मैदा, 90 ग्रॅम ओट्स, 130 ग्रॅम ब्राऊन शुगर आणि 115 ग्रॅम थंड लोणी. ओट्स चपटे, अख्खे घ्या, झटपट शिजणारे बारीक नकोत. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ नको. भुगा फळावर नुसता पसरायचा, थापायचा नाही. ओव्हन 190 अंश सेल्सिअसवर आधी तापवून ठेवायचा आणि 45 ते 50 मिनिटं भाजायचं.

आणि वेळेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे कडेला बघायचं. माझी पहिल्या वेळची चूक हीच होती, मी वरचा रंग बघितला. पिठलं उकळी आल्याशिवाय दाटत नाही ना? तसंच हे. कॉर्नफ्लोअर दाटायला फळाचा रस खदखदला पाहिजे. भांड्याच्या कडेनं जाड, संथ बुडबुडे येऊ लागले, रस काचेसारखा चमकू लागला, की मग काढायचं. त्याआधी वरचा थर लाल होऊ लागला तर वर फॉइल सैल झाकायची. काढल्यावर निदान वीस-पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही. त्या वेळात रस आळतो. घरात मुलं असली की हीच वीस मिनिटं जड जातात.

मी पुष्कळदा मूठभर ताजी क्रॅनबेरी घालते. हे फळ मूळ इथलंच, पाणथळ जमिनीत येतं. हंगामात त्या वाफ्यांत पाणी सोडतात आणि पिकलेली फळं तरंगून वर येतात. आपल्या कच्च्या करवंदासारखी आंबट, तुरट. फोडींमध्ये ती फुटतात आणि रसाला गुलाबी रंग येतो. अर्ध्या सफरचंदांऐवजी घट्ट पेअर घेतले तरी छान होतं, फक्त त्यांना पाणी जास्त सुटतं, तेव्हा कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवायचं.

आता तुमच्यापैकी जे पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हे ऐकत आहेत, त्यांच्या मनात आलंच असेल की आमच्याकडे कुठली नॉर्दर्न स्पाय? खरं आहे. आपल्या मंडईत दसरा-दिवाळीला काश्मीर-हिमाचलची जी सफरचंदं येतात त्यात डेलिशियस जातीचा भरणा असतो. तिचंही मूळ अमेरिकेतच. सॅम्युअल स्टोक्स नावाचे फिलाडेल्फियाचे गृहस्थ शिमल्याच्या वर कोटगढला स्थायिक झाले, पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगातही गेले. त्यांनी 1916 च्या सुमाराला ही जात तिकडच्या डोंगरांत लावली, आणि हिमाचलच्या त्या भागाचं नशीबच पालटलं. लाल डेलिशियस खायला गोड, पण त्यात आंबटपणा कमी. एकट्या तिचा क्रिस्प मिळमिळीत होतो. तेव्हा निम्मी लाल सफरचंदं घ्या आणि निम्मी हिरवी ग्रॅनी स्मिथ. हिरवी महाग वाटली तर पिवळी गोल्डन घ्या आणि लिंबू अर्ध्याऐवजी एक पिळा, फळातली साखर एक चमचा कमी करा. गेल्या खेपेला साताऱ्याला मी असाच केला होता. वहिनीनं भुग्यात ब्राऊन शुगरऐवजी किसलेला गूळ घातला. गूळ कोरडा आणि बारीक किसलेला असेल तर जमतं, ओला असेल तर भुगा गच्च होतो. आमचा गूळ कोरडा होता. खमंग झाला होता, आणि मला तर तो इथल्यापेक्षाही आवडला.

इथे गरम क्रिस्पवर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा घालतात. त्या शेजारच्या बाई नुसती थंड साय ओतायच्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला गार क्रिस्प घट्ट दह्याबरोबर खाते. भुगा तेव्हा कुरकुरीत राहिलेला नसतो, पण रात्रभरात दालचिनी फळात मुरलेली असते.

त्या बाई आता नाहीत. त्यांचं पसरट भांडं त्यांच्या मुलीनं मला दिलं, त्याच्या एका कानाचा टवका उडालेला आहे. काल ते धुऊन ओट्यावर काढून ठेवलं आणि बागेत फोन लावला, "स्पाय आली का?" पलीकडून उत्तर आलं, "अजून नाही. पुढच्या आठवड्यात बघा, यंदा जरा उशीर आहे." म्हणून आज घरात कोर्टलंड सोलून ठेवली आहेत. तीही छान होतात.

नमस्कार.