गेल्सबर्गचा फ्रिजचा कारखाना

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात गेल्सबर्ग नावाचं गाव आहे. वस्ती तीस-पस्तीस हजारांची, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथं मेटॅग कंपनीचा फ्रिजचा कारखाना होता. 2002 च्या ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केलं, की कारखाना बंद करून काम मेक्सिकोतल्या रेनोसाला नेणार. सुमारे 1600 माणसांच्या पोटाचा प्रश्न! जुलै 2004 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या बॉस्टनच्या अधिवेशनात बराक ओबामांनी या कामगारांचा उल्लेख केला, साऱ्या देशाने ऐकला. सप्टेंबरात कारखान्याला टाळं लागलं. फ्रिजला गिऱ्हाईक उरलं नव्हतं असं नाही. सीमेपलीकडे मजुरी स्वस्त होती.

अशा वेळी डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा दाखला हमखास दिला जातो. 1817 साली त्याने मांडलं, की इंग्लंडने कापड विणावं, पोर्तुगालने वाइन करावी, अदलाबदल करावी, दोघांचंही भलं होईल. खरंच आहे ते. पण त्याच प्रकरणात त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. भांडवलवाला माणूस मायदेश सोडून परक्या मुलखात पैसा गुंतवायला कचरतो, हे त्याने धरून चाललेलं होतं. मायदेशाची ही ओढ कमी झाली तर आपल्याला वाईट वाटेल, असंही तो म्हणतो. आज कापडाची अदलाबदल होत नाही, अख्खा मागच उचलून नेला जातो.

गेल्सबर्गला टाळं लागलं त्याच वर्षी नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, एक लेख लिहिला. ज्या मालात तुमचा हातखंडा, त्यातच समोरचा देश तरबेज झाला, तर व्यापारातला तुमचा फायदा कायमचा घटू शकतो, असं त्यांनी दाखवून दिलं. व्यापार बंद करा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पुण्यात बसून आपल्याला याचं काय? माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी तो अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत केटीसाठी गेला होता. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. तिथल्या माणसाशेजारी बसायचं, त्याचं काम शिकून घ्यायचं आणि इकडे आणायचं. पन्नाशीतल्या एका बाईंजवळ तो तीन आठवडे बसला. कुठला क्लेम कुठे अडतो, कुठल्या एजंटला आधी फोन केलेला बरा, सगळं त्यांनी समजावलं. शेवटच्या दिवशी स्वतःच्या हातची, कोपरे दुमडलेली वही त्याच्या हातात ठेवली. महिनाअखेरीस त्यांची नोकरी संपणार होती. "मामा, ती वही उघडायला हात धजत नव्हता," असं तो मला म्हणाला.

त्याची नोकरी टिकावी असं मला मनापासून वाटतं; त्याच्या फ्लॅटचा हप्ता तिच्यावरच चालतो. पण त्या बाईंच्या आणि याच्या पगारातली तफावत कुणाच्या खिशात गेली? कंपनीचा नफा वाढला. बाईंच्या गावाचं काय झालं, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही. अमेरिकेत शाळा बऱ्याच अंशी तिथल्या घरपट्टीवर चालतात. गावातले पगार आटले, घरांच्या किमती उतरल्या, की त्याची झळ मुलांच्या वर्गापर्यंत पोचते. हा हिशेब कंपनी ठेवणार नाही; तो सरकारलाच ठेवावा लागेल.

1962 साली अमेरिकेने आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी एक योजना काढली होती. नवं शिक्षण आणि ते पुरं होईपर्यंत भत्ता, असं तिचं स्वरूप होतं. गेल्सबर्गचे कितीतरी कामगार तिच्या आधाराने कॉलेजात जाऊन बसले. संसदेने मुदत न वाढवल्यामुळे 1 जुलै 2022 पासून नव्या कामगारांना तिचं दार बंद झालं. ते दार पुन्हा उघडायला हवं, आणि खर्च काम हलवणाऱ्या कंपनीकडूनच वसूल करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नमस्कार.