तापीकाठची उसंत

[दृश्य : रावेर परिसर, केळीची बाग, पहाट]

केळीचा घड झाडावरून उतरला की घाई सुरू होते. तो हिरवा असतानाच कापायचा, डोक्यावरून बांधापर्यंत आणायचा, ट्रकमध्ये नीट रचायचा आणि पिकण्याआधी उत्तरेकडच्या बाजारपेठांत पोहोचवायचा, असा हा व्यवहार असल्यामुळे रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात कापणीच्या दिवसांत कोणालाच थांबता येत नाही. भुसावळ जंक्शनवर रात्रभर गाड्या ये-जा करतात, धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्गावरची वाहने अखंड धावत असतात आणि जळगावात शिकवणी वर्गांपुढे भल्या सकाळी मुलामुलींच्या दुचाक्यांची रांग लागते. महानगरांची म्हणून ओळखली जाणारी धावपळ आता खानदेशाचीही झाली आहे. तिच्याविषयी तक्रार करणे हा या चित्रफितीचा हेतू नाही, कारण तिच्यावरच असंख्य घरांच्या चुली पेटतात. मात्र एवढ्या घाईत माणसाला समाधान कशाने लाभते आणि शेजारच्याचे दुःख दिसण्याइतकी जागा मनात कशी उरते, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

[दृश्य : धुळे शहर, जुनी दगडी भिंत]

या प्रश्नाचा विचार याच मातीत, आणि तोही एका तुरुंगात झालेला आहे. स्वातंत्र्यलढ्यात शिक्षा झालेले विनोबा भावे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांपुढे गीतेचा एकेक अध्याय उलगडत गेले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते आणि त्यांनी ही प्रवचने ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणूनच ती पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. तुरुंगात वेळच वेळ असतो असे बाहेरच्याला वाटते, परंतु तेथे दिवसातला एकही तास कैद्याच्या मालकीचा नसतो. अशा माणसांना विनोबा सांगत होते की, बाहेरच्या कामाला आतून मनाची जोड मिळाली म्हणजे त्या कामाचे ओझे उरत नाही. मनाच्या या आतल्या कामाला ते विकर्म म्हणत.

बाराव्या अध्यायाची पाळी मे महिन्यात आली. त्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. तो कोणाचाही द्वेष करीत नाही आणि सर्वांविषयी करुणा बाळगतो, हे तेथे आधी येते. तो सदा संतुष्ट असतो, हे त्याच्या पुढच्या श्लोकात येते. हा क्रम आम्हांला फार मोलाचा वाटतो. आपण बहुतेक जण नेमके उलटे धरून चालतो. कर्ज फिटू दे, मुलगा नोकरीला लागू दे, घराचा वरचा मजला पुरा होऊ दे, मग मन निवांत होईल आणि मग इतरांकडे पाहता येईल, असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात, आणि ना समाधान हाती लागते, ना कोणाची विचारपूस होते.

[दृश्य : अमळनेर, बोरी नदी]

साने गुरुजींनी मात्र विचारपुशीपासूनच सुरुवात केली होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात ते शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या अंथरुणांच्या घड्या घालणे, खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे ते स्वतः करीत, आणि त्यांच्यासाठी एक हस्तलिखित दैनिकही लिहीत. फुरसत मिळाल्यावर करण्याची ही कामे नव्हती. तीच त्यांची फुरसत होती.

[दृश्य : लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका, गावातील बायका]

एका थोर माणसाला जे साधले ते सर्वांना कसे साधावे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी खानदेशाने अक्षय्य तृतीया, म्हणजेच आखाजी, जपली आहे. येथे दिवाळीइतकेच आखाजीला महत्त्व आहे. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, अहिराणी गाणी म्हटली जातात आणि गौराईची पूजा होते. मातीची नवी घागर पाण्याने भरून, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवून गेलेल्या पूर्वजांचे स्मरण केले जाते. पुरणपोळी आणि आमरसाचा घास आधी त्यांच्या नावाने अग्नीला दिला जातो, त्यालाच आगारी म्हणतात. सालदाराचे सालही याच दिवशी संपते. वर्षभर ज्याच्या हातांवर शेत चालले, त्याचा हिशेब चुकता होतो आणि नव्या वर्षाची बोलणी होतात. मृत वाडवडील, परक्या घरी राबणारी लेक आणि शेतात राबणारा गडी या तिघांची आठवण एकाच दिवशी ठेवणारा हा सण आहे. त्या दिवशी घराला जी तृप्ती लाभते, ती या तिघांचे देणे दिल्यानंतरची असते, असे आम्हांला मनापासून वाटते. अर्थात सालदार आणि मालक यांचे नाते सगळीकडे न्यायाचे होते असे नाही. तरी थांबण्याचा दिवस दोघांनाही ठाऊक होता.

[दृश्य : महामार्गालगतची पाणपोई, दुपार]

आता सालदार कमी झाले आहेत आणि रोजंदारी वाढली आहे. सुरतेला किंवा पुण्याला दिलेली लेक एका दिवसाची रजा काढून येते आणि रात्रीच्या गाडीने परत जाते. तापमान ४५ अंशांच्या घरात असताना केळीचे घड वाहणाऱ्या टोळ्या आणि घरोघरी पार्सल पोहोचवणारी मुले उन्हात असतात. आखाजीला पाण्याने भरलेल्या घागरीचे दान करण्याची रीत आहे आणि उन्हाळ्यात गावोगावी पाणपोया लागतात, हा त्याच वृत्तीचा विस्तार होय. रांजण रोज घासणारे, त्याला ओले फडके गुंडाळणारे आणि दुपारपर्यंत दोनदा भरणारे हात आपापल्या दुकानातील कामे सांभाळूनच हे करतात. पाण्याची सोय गाव करू शकतो. विसाव्याची सोय कामावर ठेवणाऱ्याने करावी लागते. सालदाराच्या बोलीत आखाजी गृहीत धरलेली होती. बागेतल्या टोळीच्या ठेक्यात आणि पार्सल वाहणाऱ्या मुलाच्या करारात ती कोण लिहिणार आहे?