स्फटिकावर तिरका उजेड

हा क्वार्ट्झचा स्फटिक. जेमतेम करंगळीएवढा. समोरून उजेड टाकला की साधी काच वाटते आणि फोटोही तसाच सपाट येतो. आता दिवा मागच्या बाजूला नेऊ. थोडा खाली... बस्स. आत बघा. स्फटिकाच्या पोटात दुसरा स्फटिक दिसतोय. हिरवट, धूसर, पण घडण तीच आणि टोकही तसंच.

वाढता वाढता हा स्फटिक मध्येच थांबला होता. त्या काळात त्याच्या पैलूंवर क्लोराइट या हिरव्या खनिजाचे बारीक कण बसले. पुढे सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचंच द्रव्य, विरघळलेलं पाणी पुन्हा खेळू लागलं, त्या कणांवर नवा थर चढला आणि जुनं टोक आत बंद झालं. संग्राहक याला फँटम म्हणतात.

स्फटिक जमवणाऱ्यानं कॅमेरा हातात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं ते यासाठीच. फोटोसाठी आपण दिवा इंचाइंचानं फिरवतो, आणि तेव्हा कुठे स्फटिक कसा वाढला ते दिसू लागतं.

आता तोच दिवा बाहेरच्या पैलूला घासून जाईल इतका तिरका करू. या आडव्या रेघा उमटल्या. बोटाला क्वचितच जाणवतात, पण क्वार्ट्झच्या उभ्या पैलूंवरची ही ठरलेली खूण आहे. पैलू एक रुंद, एक अरुंद असेल, अख्खा स्फटिक चपटाही असेल, तरी लगतच्या दोन उभ्या पैलूंमधला कोन 120 अंशच भरतो. शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी 1669 मध्ये या न बदलणाऱ्या कोनांकडे लक्ष वेधलं. त्यामागची अणूंची शिस्त दिसायला मात्र 1912 साल उजाडलं, भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगामुळे.

मॅक्रो लेन्सनं स्फटिकाच्या इतकं जवळ गेलं की फोकस मिलिमीटरभरच राहतो. टोक स्पष्ट आलं की बूड पुसट होतं. म्हणून कॅमेरा रेलवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर, बसवून केसभर पुढे सरकवायचा, दर वेळी एक फोटो घ्यायचा आणि मग संगणकावर सगळ्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. हेच फोकस स्टॅकिंग. मध्ये टेबलाला धक्का लागला, तर पहिल्यापासून सुरुवात! आणि धूळ आधीच फुंकणीनं उडवायची. डोळ्याला न दिसलेला एक तंतू पडद्यावर दोरखंडाएवढा होतो.

पायराइट या चकचकीत पिवळसर खनिजाची तऱ्हा वेगळी. स्पेनमधल्या नवाहूनचे हे पायराइटचे घन माणसानं कापल्यासारखे दिसतात, पण निसर्गातच असे घडलेत. त्यांच्या आरशासारख्या पैलूंत खोली, कॅमेरा, आपण, सगळं उमटतं. भोवती ट्रेसिंग पेपरचा आडोसा केला की उजेड मऊ होतो. एका बाजूला काळा कागद उभा केला की कडा उठून येते. एवढ्या साध्या कागदांनी फोटो पालटतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

काही खनिजांना मात्र उजेडच बाधतो. लालभडक रिअलगार प्रकाशात राहिलं की पिवळं पडून भुगा होतं, त्यामुळे त्याचे फोटो झटपट काढायचे आणि ते पुन्हा अंधाऱ्या डबीत ठेवायचं. त्यात आर्सेनिक असतं, म्हणून हातही धुवायचे. अॅमेथिस्टचा जांभळा रंग कडक उन्हात हळूहळू उतरतो. मिठाचा स्फटिक पाण्यानं धुवायचा नाही. जिप्समवर नखाचाही ओरखडा उठतो.

आणि काही स्फटिक जागचे हलवायचेच नसतात. मेक्सिकोतल्या नाइका खाणीत 2000 साली सापडलेल्या गुहेत जिप्समचे दहा मीटरहून लांब स्फटिक आहेत. आतली हवा 58 अंशांच्या आसपास तापलेली असायची. तिथून आणायचे होते ते फक्त फोटो.

घरच्या संग्रहातल्या प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी हवीच. स्टिलबाइट या पीचरंगी खनिजावर बसलेलं हे अपोफिलाइट नावाचं हिरवं खनिज पाहून जाणकार म्हणेल, दख्खनच्या बेसॉल्टमधलं दिसतंय. पण कुठल्या खाणीतलं, कधी निघालेलं, हे दगड सांगत नाही. खाणी बुजतात, जागा विसरल्या जातात. म्हणून खनिजाचं नाव, गाव, खाण आणि तारीख चिठ्ठीवर लिहायची, नमुन्याला क्रमांक द्यायचा आणि फोटोच्या फाइललाही तोच क्रमांक द्यायचा.